खास प्रसंगाचा केक हाताने कसा सजवावा

केक सजवायचा म्हटलं की पहिला हात जातो तो नोझल आणि रंगांकडे. पण वरची फुलं कितीही सुबक असली, तरी केक एका बाजूला कलला असेल किंवा क्रीममध्ये चुरा दिसत असेल, तर नजर आधी तिथेच अडकते. निम्म्याहून अधिक सजावट पहिलं फूल काढण्याआधीच झालेली असते, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या सगळ्याची किल्ली आहे थंडावा.

आधी कागदावर

साधं रेखाटन करा. रंग दोन, फार तर तीन. नाव लिहायचं असेल तर अक्षरं मोजा. केक कापेपर्यंत किती वेळ बाहेर राहणार, हेही आत्ताच विचारा. उकाड्यात बराच वेळ राहणार असेल तर व्हिप्ड क्रीमचा हट्ट सोडा आणि गनाश करा: 2 भाग डार्क चॉकलेट, 1 भाग गरम क्रीम, गार होऊन लोण्यासारखं घट्ट होईपर्यंत थांबायचं.

थर रचणं

केक आदल्या दिवशी भाजून, गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. थंड स्पंज कापताना चुरा कमी पडतो. दातेरी सुरीने वरचा फुगवटा काढा. सुरी आडवी, स्थिर धरायची आणि केक फिरवत राहायचा. साखर आणि पाणी समप्रमाणात उकळून गार केलेला पाक ब्रशने लावा. स्पंज ओलसर हवा, गच्च भिजलेला नको.

आत जॅम किंवा फळं भरणार असाल तर थराच्या कडेने आधी घट्ट क्रीमचा गोल बांध घाला. तो नसला की वरच्या थराच्या वजनाने सारण बाजूने बाहेर येतं. शेवटचा थर उलटा ठेवा, म्हणजे तळाची सपाट बाजू वर येते.

क्रीम

व्हिपिंग क्रीम, भांडं आणि बीटरची पाती, तिन्ही थंड हवीत. केकवर लावायची क्रीम मऊ ठेवा: बीटर उचलल्यावर शेंडा उभा राहतो, टोक किंचित वाकतं. फुलांसाठी टोक सरळ राहील इतकी फेटा. जराशी जास्त फेटली जाऊन दाणेदार दिसायला लागली, तर दोन चमचे न फेटलेली क्रीम हलक्या हाताने मिसळा. बटरक्रीमसाठी वजनाने 1 भाग मऊ बटर, 2 भाग पिठीसाखर. फेटून झालं की चमच्याने सावकाश दाबत ढवळा, म्हणजे हवेचे बुडबुडे जातात.

क्रीमचे दोन हात लावायचे

पहिला हात पातळ, फक्त चुरा पकडून ठेवण्यापुरता. याला क्रंब कोट म्हणतात. तो देऊन केक 20 ते 30 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका.

दुसऱ्या हाताला क्रीम भरपूर लावा, हवी त्यापेक्षा जास्तच. नंतर काढून टाकायची आहे. स्क्रॅपर (सरळ कडेची सपाट पट्टी) उभा, केकशी साधारण 45 अंशांच्या कोनात धरा. आता हात हलवायचा नाही, टर्नटेबल, म्हणजे केकखालचं फिरतं स्टँड, फिरवायचं. प्रत्येक फेरीनंतर स्क्रॅपर पुसा. खड्डा दिसला तर तिथे क्रीम भरून पुन्हा फिरवा. असं करताना वरच्या कडेला क्रीमचा उंचवटा तयार होतो. पॅलेट नाइफ (बोथट, लवचिक पात्याची लांब सुरी) आडवा धरून तो बाहेरून मध्याकडे ओढून घ्या, दर ओढीनंतर पातं पुसत. धारदार कड इथेच मिळते.

रंग आणि गुलाब

जेल रंग वापरा. द्रव रंगाने क्रीम सैल पडते. बटरक्रीमचा रंग काही तासांत गडद होतो, म्हणून एक छटा आधीच थांबा. काळा रंग चॉकलेट बटरक्रीमपासून सुरू केला तर रंग बराच कमी लागतो.

गुलाबासाठी बटरक्रीम घट्ट हवं. पाकळीच्या नोझलचं एक टोक रुंद, एक अरुंद असतं. रुंद टोक नेहमी खाली. फ्लॉवर नेलवर (खिळ्यासारख्या दांड्यावरची छोटी चकती) क्रीमच्या ठिपक्याने बटर पेपरचा चौकोन चिकटवा, त्यावर छोटा शंकू काढा आणि नेल फिरवत एक पट्टी गुंडाळून कळी करा. मग तीन पाकळ्या, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या मध्यापासून सुरू होणारी. पुढच्या फेरीत पाच, नोझल थोडं बाहेर झुकवून. कागदासकट फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झालं की अलगद उचलता येतं. पायपिंग बॅग, म्हणजे नोझल लावलेली क्रीमची पिशवी, अर्धीच भरा. तळहाताच्या उबेने क्रीम सैल झाली तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

नाव

ताटलीवर सराव करून घ्या. मग थंड केकवर टूथपिकने हलकी आडवी रेघ आखा. देवनागरीत आधी शिरोरेषा काढली की अक्षरं सरळ रेषेत बसतात. वर मात्रा-वेलांट्यांना आणि खाली उकारांना जागा सोडायला विसरू नका.

फुलं, फॉन्डंट, मजले

ताजी फुलं खाण्यायोग्य आणि फवारणी न केलेलीच घ्या. कण्हेर आणि हायड्रेंजिया विषारी आहेत, त्यांना केकपासून दूर ठेवा. चमकीच्या डबीवर ती खाण्यायोग्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. फॉन्डंट (केकवर लाटून पसरायचा साखरेचा गोळा) व्हिप्ड क्रीमवर ओला होऊन विरघळतो, त्यामुळे खाली गनाश किंवा बटरक्रीम लावा. दुमजली केकला खालच्या मजल्यात आधाराच्या काड्या लागतातच, आणि वरचा मजला स्वतःच्या बोर्डवर असावा लागतो.

बटरक्रीमचा केक कापण्याआधी तासभर बाहेर काढा, व्हिप्ड क्रीमचा अगदी ऐनवेळी. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून केक कापला तर तुकडा स्वच्छ निघतो. आत काड्या असतील तर कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.