राजाबाई टॉवर बघायचा कसा

मुंबईच्या फोर्टात मी एकतीस वर्षं नोकरी केली. गावाहून कुणीही आलं की त्यांना राजाबाई टॉवर, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, दाखवायचं काम माझ्याकडे. त्यातून जे कळलं ते सांगते.

सकाळी जाऊ नका. टॉवरचं तोंड पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे आहे. एकदा मावशीला नऊच्या सुमारास नेलं, तर ऊन टॉवरच्या पाठीमागून. दगड काळाठिक्कर दिसत होता, फोटोही तसेच आले. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी चारनंतरच जाते. उतरत्या उन्हात तोच दगड लोण्यासारखा पिवळसर दिसतो आणि कोरीवकाम सावल्यांनी उठून येतं.

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलात की थेट पायथ्याशी जायची घाई करू नका. आधी मैदानाच्या पश्चिम कडेला उभं राहा. पाठीमागे आर्ट डेको नावाच्या शैलीतल्या इमारती आहेत, त्या १९३० नंतरच्या, भराव टाकलेल्या जमिनीवरच्या. त्या मनातून पुसून टाका. टॉवर उभा राहिला तेव्हा तुमच्या पाठीमागे रेल्वेचे रूळ आणि त्यापुढे समुद्र होता. म्हणजे डावीकडचं हायकोर्ट, मधे विद्यापीठाचं ग्रंथालय आणि टॉवर, उजवीकडे दीक्षान्त सभागृह ही सगळी रांग समुद्राकडे तोंड करून उभी होती. २८० फुटांचा हा टॉवर तेव्हा मुंबईतली सगळ्यात उंच इमारत होता.

आता पैशाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय टॉवर कळत नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या लाटेत प्रेमचंद रायचंद शहरातले मोठे सावकार झाले. १८६४ मध्ये त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग टॉवरसाठी आणखी दोन लाख, आणि त्याला आईचं, राजाबाईंचं नाव मागितलं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि प्रेमचंदही त्यात बुडाले. दिलेलं दान मात्र विद्यापीठाकडे राहिलं. १ मार्च १८६९ ला पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरं झालं.

आईबद्दल असं सांगतात की तिला दिसत नव्हतं. जैन घरातली, सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचं नाही; टॉवरचे टोले ऐकून तिला संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळे. दस्तऐवजात ते आहे का हे मी कधी शोधलं नाही. मला ते खरं वाटतं.

आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, तिथल्याच बिग बेन या घड्याळाच्या मनोऱ्याचा आदर्श समोर ठेवून केलेला. ते मुंबईत कधीच आले नाहीत, आणि मार्च १८७८ मध्ये वारलेही. टॉवर पुरा व्हायला आठ महिने उरले होते.

मैदानातल्या पायवाटेने पलीकडे जा आणि मग दुर्बीण काढा. टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत. ते रावबहादूर मकुंद रामचंद्र यांच्या देखरेखीखाली घडले. चेहरे इतक्या उंचीवर नीट दिसत नाहीत, म्हणून पागोट्यांवरून सुरुवात करा. माझ्या भाच्याला मी प्रत्येक पागोट्याची घडी बघायला लावली होती. अर्धा तास तो जागचा हलला नाही. परदेशी धाटणीच्या इमारतीवर आपल्याकडची माणसं कुणीतरी आठवणीने बसवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

वर चढू देत नाहीत, त्यामुळे तो हट्ट नको. ग्रंथालयाच्या रंगीत काचा आतून बघायच्या असतील तर विद्यापीठाची परवानगी आधी घ्या. २०१५ च्या सुमारास दुरुस्ती झाली तेव्हा त्या काचाही साफ झाल्या.

शेवटी घड्याळ ऐका. पूर्वी त्यावर सोळा धुना वाजायच्या, ‘गॉड सेव्ह द किंग’ हे इंग्रजांचं राष्ट्रगीतसुद्धा. आता दर पंधरा मिनिटांनी एकच धून वाजते. त्यासाठी धून वाजायच्या पाच मिनिटं आधी मैदानात बसा, बसच्या हॉर्नपासून जरा लांब. डोळे मिटून घ्या. एखादा क्रिकेटचा चेंडू बॅटवर आदळेल, पोरं ओरडतील, आणि मग त्या सगळ्याच्या वरून ती धून येईल.