जीपचे कमानपाटे घरी कसे बनवावेत: १:२४ मॉडेलसाठी मार्गदर्शक

किटमधली कोणतीही जीप हातात घ्या आणि उलटी करा. वरच्या बॉडीवर कंपनीने भरपूर मेहनत घेतलेली असते. खाली मात्र पाट्यांच्या, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानदार लीफ स्प्रिंगांच्या जागी एक सबंध ठोकळा असतो, त्याच्या कडेवर चार-पाच रेघा मारलेल्या असतात, आणि शॉकअप म्हणजे नुसती एक काडी. साच्यातून एकाच दाबात भाग काढायचा म्हटल्यावर कंपनीचाही फारसा इलाज चालत नाही. पण जीप ही गाडीच अशी आहे की तिचं खालचं सगळं बाहेरून दिसतं. पाटे खोटे असले की गाडी खेळणं वाटते.

इथे उदाहरणाला दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी घेतली आहे. तिची मापं पक्की माहीत आहेत आणि तिची भावंडं आपल्याकडे पाहायला मिळतात. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातली एखादी जुनी जीप जवळच्या गॅरेजात उभी असेल, तर हत्यार हातात घेण्याआधी तिच्याखाली वाकून पाहा. मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने, समोरून आणि खालून फोटो काढा. मेकॅनिकला विचारलंत तर पाटे कुठे घासतात, कुठे गंजतात, कोणता पाटा आधी तुटतो हे तो न थकता सांगेल.

पाहताना एकच गोष्ट शोधायची: वजन कुठून कुठे जातं. चासीचं वजन पाट्याच्या दोन टोकांवर येतं आणि पाटा ते मधोमध एक्सलवर टाकतो. पाट्याचं एक टोक चासीला पिनने जखडलेलं असतं. दुसरं टोक शॅकलला, म्हणजे झोक्यासारख्या हलणाऱ्या कडीला अडकवलेलं असतं. खड्ड्यात पाटा दबून सरळ झाला की त्याची लांबी वाढते, ती वाढ शॅकल सामावून घेतो. मॉडेलमधला पाटा हलला नाही तरी चालतं. चालणारं सस्पेन्शन करायच्या नादाला लागूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याच्या मापात, गाडीचं वजन इतकं कमी असतं की पाटे दबत नाहीत आणि जीप घोड्यावर बसल्यासारखी उंच दिसते. पाटा अचल ठेवा, पण त्याच्यावर भार आहे असं दिसू द्या.

मापं

एमबीच्या पुढच्या पाट्याची लांबी ३६.२५ इंच, मागच्याची ४२ इंच. दोन्हींची रुंदी पावणेदोन इंच. पुढे ८ पाने (एकावर एक रचलेल्या पट्ट्या), मागे ९. इंचाला २५.४ ने गुणून २४ ने भागलं की पुढचा पाटा ३८.४ मिमी, मागचा ४४.५ मिमी आणि रुंदी १.८५ मिमी येते. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे ८४.७ मिमी. तुमचं किट या मापाशी जुळतं का ते आधी स्केल लावून पाहा. काही किटांत अर्धा-एक मिमी इकडेतिकडे असतो. अशा वेळी पुस्तकातलं माप धरून बसू नका, किटच्या चासीवरच्या ब्रॅकेटमधलं अंतर धरा.

आता हे सगळं ग्राफ पेपरवर खऱ्या आकारात काढा. बाजूने दिसणारा पाटा, एक्सलचा गोल, चासीची रेघ आणि चाक. पुढे सगळी जुळणी याच कागदावर होणार आहे, म्हणून त्यावर काच किंवा पारदर्शक फाइलचं कव्हर ठेवा.

माल कुठून आणायचा

पाट्यांसाठी ०.२५ मिमी जाडीची स्टायरीनची (किटच्याच प्लास्टिकची) शीट सगळ्यात सोयीची. ०.२ मिमी मिळाली तर आणखी छान. एव्हरग्रीन कंपनीच्या तयार पट्ट्या येतात, पण त्या महाग पडतात आणि १.८५ रुंदीची पट्टी तशीही कापावीच लागते. घरातलं प्लास्टिक वापरायचं असेल तर त्यावर पातळ प्लास्टिक सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) एक थेंब टाकून पाहा. पृष्ठभाग मऊ होऊन चिकट झाला तर ते स्टायरीन. काहीच झालं नाही तर ते पीपी किंवा पीईटी असेल, त्यावर हे सिमेंट चालणार नाही.

बाकीचा माल घराजवळच मिळतो. लॅन केबल सोलली की आत सुमारे अर्धा मिमी जाडीची तांब्याची तार निघते. कुठल्याही मेडिकलमध्ये इंजेक्शनच्या कोऱ्या सुया मिळतात. १८ गेजची (गुलाबी टोपीची) सुई बाहेरून १.२७ मिमी असते आणि २१ गेजची (हिरवी) ०.८२ मिमी. हिरवी गुलाबीच्या आत बरोबर सरकते, हे पुढे कामाला येईल. वापरलेल्या सुया घेऊ नका. कापल्यावर टोकं उघड्यावर न टाकता घट्ट झाकणाच्या डबीत भरून टाका.

पाने कापणं

स्टीलची पट्टी धरून शीटवरून नव्या ब्लेडने हलक्या हाताने तीन-चारदा रेघ ओढा. एकाच जोराच्या फटक्यात कापलंत तर पट्टी कोयरीसारखी वळते आणि तिची एक कड उचलली जाते. पुढच्या पाट्याच्या आठ पानांची लांबी अशी धरा: ३८.४, ३४, ३०, २५.५, २१, १७, १२.५ आणि ८ मिमी. वरून खाली पायऱ्या दिसल्या पाहिजेत. प्रत्येक पानाचा मध्य पेन्सिलने खुणावून ठेवा, नाहीतर चिकटवताना मध्य सरकतो आणि पाटा एका बाजूला झुकलेला दिसतो.

आता एक काम, ज्याचा कंटाळा बहुतेक जण करतात. प्रत्येक पानाच्या दोन्ही लांब कडांवरून ६०० नंबरचा पॉलिश पेपर तिरका धरून एकदाच फिरवा. कडेचा कोन किंचित मोडतो. आठ पाने एकावर एक आली की दोन पानांच्या मध्ये बारीक खाच तयार होते, आणि रंगानंतर नेमकी हीच खाच डोळ्यांना ‘पाने वेगळी आहेत’ असं सांगते. हे केलं नाही तर एवढं कापूनही शेवटी किटसारखाच ठोकळा दिसतो.

एक शॉर्टकटही आहे: रुंद पत्रे पायऱ्यांनी चिकटवायचे आणि वड्या पाडाव्यात तसे १.८५ मिमीचे काप काढायचे. पाटे अगदी एकसारखे येतात हे खरं, पण कापलेल्या कडेवर पानांमधल्या रेषा पुसट होतात. ट्रकच्या चार-सहा पाट्यांसाठी ठीक आहे, जीपसाठी मी एकेक पान लावण्याच्या बाजूचा.

बाक

उभ्या असलेल्या जीपच्या पाट्याला बाक असतो, पण थोडा. ३८ मिमी लांबीवर ३ मिमी खोली पुष्कळ झाली. हिशेब सोपा आहे: लांबीचा वर्ग भागिले खोलीची आठपट, त्यात खोलीचा निम्मा भाग मिळवायचा. त्रिज्या सुमारे ६३ मिमी येते, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर व्यासाचा डबा. प्लास्टिक थोडं परत सरळ होतं, म्हणून त्याहून लहान, १०-११ सेंटीमीटरचा स्टीलचा डबा घ्या.

पाने डब्यावर सरळ रेषेत मास्किंग टेपने चिकटवा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, मग ते पाणी पानांवर हळूहळू ओता आणि लगेच गार पाणी ओता. खळखळत्या पाण्यात पातळ स्टायरीन पिळवटतं. टेप काढल्यावर सगळी पाने सारख्या बाकाची हवीत. एखादं वेडंवाकडं झालं असेल तर पुन्हा टेप लावून पाणी ओता, नवं कापायची गरज नाही.

चिकटवणं, डोळे आणि क्लिपा

जीपमध्ये पाटा एक्सलच्या खाली असतो. सर्वांत लांब पान वर, सर्वांत आखूड खाली, आणि टोकं वर वळलेली. उलटं लावलेले पाटे मी पुष्कळ मॉडेल्समध्ये पाहिले आहेत, म्हणून हे वाक्य दोनदा वाचा.

चिकटवताना सिमेंट फक्त मधोमध, टाचणीच्या टोकाने. पातळ सिमेंट दोन पानांच्या फटीत आपोआप धावतं आणि कडेच्या खाचा वितळवून बुजवतं. टोकांना हवं तर सुपरग्लूचा अगदी बारीक ठिपका. आठ पाने बसली की डब्यावर टेपने आवळून रात्रभर ठेवा.

मुख्य, म्हणजे सर्वांत लांब पानाच्या टोकांना पिन अडकवायला गोल डोळे लागतात. गुलाबी सुईचे १.८ मिमी लांबीचे तुकडे त्यासाठी बरोबर होतात. सुई कापताना आत पातळ तार घाला आणि कानसीच्या धारेने चहूबाजूंनी खाच पाडून मोडा, म्हणजे भोक चेपत नाही. डोळा पानाच्या टोकावर बसवून ०.१ मिमीच्या पातळ पट्टीचा एक वेढा द्या. पान स्वतःच गुंडाळून डोळा झालाय असं दिसतं.

पाने एकत्र धरणाऱ्या क्लिपांसाठी गोळ्यांच्या पाकिटाची अॅल्युमिनियम फॉइल उत्तम. एक मिमीची पट्टी, पाट्याच्या दोन्ही बाजूंना मध्य आणि टोकाच्या साधारण मधोमध. खालून वर दुमडून आणा.

एक्सल, यू-बोल्ट आणि शॅकल

एक्सलची नळी मुख्य पानाच्या वर बसते. लॅन केबलची तार एक्सलच्याच जाडीच्या ड्रिल बिटवर वाकवून यू-बोल्ट, म्हणजे एक्सल आणि पाटा एकत्र आवळणारे यू आकाराचे बोल्ट करा. प्रत्येक पाट्याला दोन. ते एक्सलवरून खाली येऊन पाट्याखालच्या पट्टीतून बाहेर पडतात. ही पट्टी अर्धा मिमी जाड शीटची, सुमारे चार मिमी लांब-रुंद. तिला चार भोकं आधीच पाडा. खाली नट लावा आणि बोल्टची टोकं नटाच्या बाहेर अर्धा मिमी राहू द्या. नटाला बरोब्बर टेकून कापलेला बोल्ट खऱ्या गाडीत दिसत नाही.

शॅकलची जागा ध्यानात ठेवा. एमबीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला, मागच्यांचे मागच्या टोकाला. यू आकाराची तार, तिचा एक पाय चासीच्या ब्रॅकेटमध्ये आणि दुसरा पाट्याच्या डोळ्यात. दोन्ही पायांवर डोळ्याशेजारी वायरच्या रबरी कव्हरची पातळ चकती घातली की बुश (सांध्यातलं रबरी अस्तर) झाला. शॅकल अगदी उभा लावू नका. भाराने पाटा थोडा लांबलेला असतो, त्यामुळे शॅकलची डोळ्याकडची बाजू जखडलेल्या टोकापासून किंचित दूर झुकते. १०-१५ अंश पुरेत.

गाडीची उंची इथेच ठरते. चासी आरशाच्या काचेवर नाण्यांच्या चवडींवर ठेवा. ग्राफ पेपरवर काढलेल्या उंचीइतकी नाणी चढवा, मग एक्सल आणि चाकं खाली सरकवून पाटे चिकटवा. सुपरग्लू नको, सावकाश वाळणारं इपॉक्सी वापरा, म्हणजे हलवायला वेळ मिळतो. वाळण्याआधी चारही चाकांखाली कागदाची चिटोरी सरकवून पाहा. ज्याच्याखालून चिटोरी सहज निघते ते चाक हवेत आहे.

शॉकअप

१.६ मिमीचा प्लास्टिक रॉड हा खालचा भाग. वरच्या निम्म्या भागावर पातळ कागदाचे दोन-तीन वेढे सुपरग्लूने बसवा, ते धुळीपासून बचावाचं कव्हर. दोन्ही टोकांना आडवी कडी आणि तिच्यात वायरच्या कव्हरचा बुश. खालचं टोक यू-बोल्टच्या पट्टीवरच्या पिनला, वरचं चासीच्या ब्रॅकेटला. उघड्या रॉडचे शॉकअप असलेली नवी गाडी करत असाल तर गुलाबी सुईत हिरवी सुई घाला. चकचकीत रॉड रंगवावाच लागत नाही.

कॉइल लागली तर

पद्मिनीसारखी गाडी करायची असेल तर मागे पाटे असले तरी पुढे कॉइल स्प्रिंग आहे. मोटर वायंडिंगच्या दुकानात २५ नंबरची तांब्याची तार (सुमारे ०.५ मिमी) वजनावर मिळते. ड्रिल बिटच्या दांड्यावर दोन तारा शेजारी-शेजारी एकदम गुंडाळा आणि मग एक तार फिरवत बाहेर काढा. उरलेल्या तारेतलं अंतर आपोआप सारखं येतं, ते नजरेच्या अंदाजाने कधीच येत नाही. शेवटचे वेढे दाबून एकमेकांना चिकटवा आणि कानसीने सपाट करा.

रंग

निव्वळ काळा रंग सगळे तपशील गिळून टाकतो. मॅट काळ्यात थोडा पांढरा आणि तपकिरी मिसळा. युद्धातली जीप करत असाल तर पाट्यांनाही चासीसारखाच ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी मळकट हिरवा). वाळल्यावर पातळ केलेला गंजाचा रंग बारीक ब्रशने पानांच्या फटींना नुसता टेकवा, तो खाचेत धावेल. पाने एकमेकांवर घासतात, म्हणून खऱ्या गाडीतही गंज फटीतून ओघळतो, सपाट जागी नाही. यू-बोल्टच्या आसपास ग्रीसचा काळपट, थोडा चकाकता डाग.

धुळीसाठी महागडी पावडर घेऊ नका. कोकणातली गाडी असेल तर गेरू, देशावरची असेल तर करड्या रंगात चिमूटभर मुलतानी माती. मऊ ब्रशने पाट्याच्या वरच्या बाजूला आणि पट्टीच्या कोपऱ्यांत लावा, मग ड्रॉपरने स्पिरिटचा थेंब सोडा. स्पिरिट उडून गेल्यावर पावडर बसते. त्यावर वार्निश मारलंत तर निम्मी धूळ गायब होते, म्हणून गरज वाटलीच तर मॅट वार्निश लांबून, उडतं मारा आणि मग पुन्हा थोडा गेरू लावा.