सीपीयू 100 टक्के आणि वर नाव विंडोजचंच? मग पकडायचं कोणाला

काही उघडलेलं नाही, ब्राउझर पण बंद, तरी लॅपटॉपचा फॅन मिक्सरसारखा ओरडतोय, आणि टास्क मॅनेजर उघडून बघावं तर सगळ्यात वर सिस्टम नाहीतर सर्व्हिस होस्ट नाहीतर असलंच काहीतरी विंडोजचं स्वतःचं नाव. मग आपण काय करतो, राइट क्लिक, एंड टास्क. एकतर ॲक्सेस डिनाइड येतं, किंवा चुकून सीएसआरएसएस (विंडोजची एक अत्यावश्यक प्रोसेस) वगैरेला हात लावला तर थेट निळी स्क्रीन. हे करू नका राव. चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार आहे हा, कारण यादीत विंडोजचं नाव दिसलं तरी काम बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाचं तरी चाललेलं असतं, ड्रायव्हरचं (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणा, एखाद्या सर्व्हिसचं (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) म्हणा, नाहीतर प्रिंटरसोबत फुकट आलेल्या सॉफ्टवेअरचं.

सगळ्यात आधी एक फालतू वाटणारी गोष्ट. मशीन रीस्टार्ट करा, शट डाऊन नाही, रीस्टार्ट. विंडोज 10 आणि 11 मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) पूर्ण बंद होतच नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत लोड होते, म्हणजे कालचं अडकलेलं ड्रायव्हर आज पण तसंच अडकलेलं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे खाली अपटाइम बघा. रोज रात्री बंद करणाऱ्यांच्या मशीनवर पण 20-25 दिवस दिसतात, आणि मग लोक म्हणतात माझं घड्याळ बिघडलंय का.

रीस्टार्टनंतर लगेच टास्क मॅनेजर उघडून घाबरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. अपडेट नुकताच आला असेल तर विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर भरपूर खातो, सर्च इंडेक्सर पण खातो, डिफेंडर पण स्कॅन सुरू करतो (त्याचं नाव अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल). ही कामं संपणारी असतात. आणि हो, सिस्टम आयडल प्रोसेस 95 टक्के दिसतंय म्हणून कोणी घाबरत असेल तर ते उलटं वाचायचं, तेवढा प्रोसेसर रिकामा बसलाय असा त्याचा अर्थ.

आता खरं काम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, डिटेल्स टॅबवर जा, सीपीयूच्या कॉलमवर क्लिक करून मोठा आकडा वर आणा, आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. आकडा वरखाली होतोय का एकाच जागी चिकटलाय, हे फार महत्त्वाचं आहे आणि याच्याकडे कोणी बघतच नाही. तुमच्या प्रोसेसरला 4 लॉजिकल प्रोसेसर असतील आणि एखादी प्रोसेस सलग 25 टक्क्यांवर खिळलेली असेल, किंवा 8 असतील आणि ती साडेबाराच्या आसपास खिळलेली असेल, तर तिचा एक थ्रेड (कामाचा एक धागा) कुठेतरी गोल गोल फिरत बसलाय, एक कोर त्याने पूर्ण धरून ठेवलाय. असला प्रकार वाट बघून सहसा संपत नाही. आणि वर "फक्त 12 टक्के तर आहे" म्हणून आपणच सोडून देतो, फॅन मात्र ओरडत राहतो.

सर्व्हिस होस्ट (डिटेल्समध्ये त्याचं नाव एसव्हीसीहोस्ट) वर दिसत असेल तर ते सोपं. तो नुसता डबा आहे, आत कुठली सर्व्हिस आहे ते बघायचं. त्याच्यावर राइट क्लिक करून गो टू सर्व्हिसेस म्हणा, जी उजळून दिसेल ती तुमची. पूर्वी एकाच डब्यात दहा-दहा सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या, पण 2017 च्या क्रिएटर्स अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक वेगवेगळ्या डब्यात असतात, त्यामुळे पकडणं सोपं झालंय. विंडोज अपडेटची निघाली तर एकदा अपडेट पूर्ण होऊ द्या, सारखं पॉज पॉज करून ते अर्धवट लटकत ठेवू नका.

डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट वर आला तर मात्र थोडी गंमत आहे. हा बिचारा उत्तरं देणारा आहे, दुसरं कोणीतरी सारखं "बॅटरी किती, टेंपरेचर किती, शाई किती" विचारत असतं आणि हा देत बसतो. विचारणारा शोधायचा तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटी, ऑपरेशनल. तिथल्या एरर उघडल्या की मजकुरात क्लायंट प्रोसेस आयडी असा नंबर मिळतो, तोच नंबर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये पीआयडी कॉलमात शोधा. एकच नंबर परत परत दिसला तर तो आपला माणूस. मामाच्या लॅपटॉपवर मी तासभर विंडोजला शिव्या घातल्या होत्या आणि शेवटी निघालं काय तर जुन्या प्रिंटरचं स्टेटस दाखवणारं सॉफ्टवेअर, प्रिंटर भंगारात जाऊन दोन वर्षं झाली होती आणि हे अजून त्याची चौकशी करत होतं. अनइन्स्टॉल केलं, फॅन शांत.

सिस्टम, म्हणजे पीआयडी 4 वाला, वर असेल तर टास्क मॅनेजर पुढे काही सांगत नाही. इथे प्रोसेस एक्सप्लोरर हवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं टूल आहे, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, दुसरीकडून नको. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर आतलं दिसणार नाही. सिस्टमवर डबल क्लिक, थ्रेड्स टॅब, सीपीयूने सॉर्ट. स्टार्ट ॲड्रेसच्या कॉलमात फाइलचं नाव येतं, एसवायएस एक्स्टेन्शनवालं काही वर दिसलं तर तो ड्रायव्हर, नाव सर्च केलं की वायफायचा आहे का ऑडिओचा का अँटीव्हायरसचा ते कळतं. नुसतं एनटीओएसकर्नल दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका, तो कर्नल स्वतःच आहे, आणि कोणासाठी पळतोय ते एवढ्यावरून कळत नाही. ड्रायव्हर सापडला की लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा नवा टाका, आणि त्रास नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. ते सतराशे साठ "ड्रायव्हर अपडेटर" मिळतात ते टाकू नका, आगीतून फुफाट्यात.

सिस्टम इंटरप्ट्स ही तर प्रोसेसच नाही, हार्डवेअर प्रोसेसरला हाका मारतंय त्यात गेलेला वेळ तिथे मोजून दाखवतात. एक-दोन टक्के ठीक आहे, सलग दहाच्या वर राहिलं तर यूएसबीला लावलेलं एकेक काढत जा, हब, वेबकॅम, डाँगल, बाहेरची हार्ड डिस्क, आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. काहीच फरक नाही पडला तर लेटन्सीमॉन नावाचं टूल पाच-दहा मिनिटं चालवा, कुठला ड्रायव्हर जास्त वेळ अडवतोय ते नावानिशी सांगतं.

एवढं करून काहीच हाती लागलं नाही तर सिस्टम फाइल दुरुस्त करून बघा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, आधी डिसम, त्याच्यापुढे स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ (टाइप अर्थात इंग्रजीत करायचं, प्रत्येक स्लॅशच्या आधी एक स्पेस), ते संपलं की एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ. मधे टक्के एका जागी अडकल्यासारखे वाटतात, बंद करू नका, चहा घेऊन या. मग क्लीन बूट, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस बंद ठेवून मशीन चालू करणं, एमएसकॉन्फिग (विंडोजचं सिस्टम कॉन्फिगरेशन) उघडून सर्व्हिसेसमध्ये आधी हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेसवर टिक, ही टिक विसरलात तर रडायची वेळ येईल, मग उरलेल्या बंद करून रीस्टार्ट. शांत झालं तर अर्ध्या चालू करा, परत बघा, असं अर्धं अर्धं करत दोषी सापडतो.

दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, यावर जास्त बोलत नाही.

अजून एक, परफॉर्मन्स टॅबमध्ये स्पीड किती दाखवतोय ते बघाच. बेस स्पीड 2.4 आणि चालू स्पीड 0.8 गिगाहर्ट्झ असेल आणि तरी वापर 100 दिसत असेल तर कोणी जास्त खात नाहीये, ताटच छोटं झालंय. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, मे महिन्यात गादीवर ठेवलेला लॅपटॉप, आणि चार्जर पण, काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. चार्जर काढून बॅटरीवर बघा, वेग वाढला की कारण सापडलं.

आणि नावाने फसू नका. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम 32 फोल्डरमधून चालतो (32 बिटवाला सिस्वाऊ 64 मधून), राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन केल्यावर तुमच्या ॲपडेटा किंवा टेंपमध्ये पोचलात, किंवा स्पेलिंगमध्ये व्ही आणि सीची अदलाबदल दिसली, तर नेट काढा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा.

मॅकवाले कर्नल टास्क बघून विचारतात, त्यांचं वेगळं आहे. तिथे तो आकडा बऱ्याचदा मुद्दामच वाढवलेला असतो, मशीन तापलं की कर्नल टास्क प्रोसेसरचा वेळ अडवून धरतो म्हणजे बाकीच्यांना तो कमी मिळावा. मॅक थंड जागी ठेवा, हवेची भोकं मोकळी करा, आणि इंटेलवाला मॅकबुक प्रो डाव्या बाजूने चार्ज करत असाल तर केबल उजव्या बाजूला लावून बघा.