रुळाकडेचं गवत काढताना
मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ सालची. अशा जुन्या मार्गालगत श्रमदान करायचं तर रेल्वेची परवानगी आणि गाडीवर नजर ठेवणारा माणूस, हे आधी. मग एक सांभाळा: कापलेलं गवत खडीवर टाकू नका. ते कुजून माती होते, खडीच्या फटी बुजतात, पाणी निघत नाही आणि गाडी गेली की स्लीपरखालून, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांखालून, चिखल उसळतो. कोल्हापूरचा पाऊस ठाऊक आहेच. गटारं मे महिन्यातच मोकळी करा. रुळाखालून पाणी जाणाऱ्या दगडी मोरीत पिंपळाचं रोप दिसलं तर हिसका देऊन उपटू नका, मुळासोबत जुना चुना सुटतो, दगड हलतो. बुंध्याशी कापा आणि जागा रेल्वेच्या माणसाला दाखवा. मला तर बोटभर रोपाचीच जास्त धास्ती वाटते.