पुन्हा!

मी लहान मुलांसाठी गाणी आणि गोष्टींचे कार्यक्रम करते. पहिल्या कार्यक्रमाला मी बावीस गाणी आणि पाच गोष्टी घेऊन गेले होते. वेळ पाऊण तासाचा. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, असा सपाटा लावला. मुलं शांत बसून बघत होती आणि मला वाटत होतं, रंगलंय. शेवटी पुढे बसलेल्या एका चिमुरडीने विचारलं, "ते बेडकाचं पुन्हा?" बेडकाचं गाणं मी दुसऱ्याच नंबरला उरकून टाकलं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. आज पाऊण तासात माझी चार गाणी आणि दोन गोष्टी होतात, आणि तेवढ्यातही कधी कधी एखादं गाणं उरतं. या कामात नव्याने येणारे मला बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतात, "गाणी कुठून मिळवायची?" मी म्हणते, आहेत त्यातली दहा ठेवा, बाकीची सहा महिने विसरा. लहान मूल पहिल्यांदा गाणं ऐकतं तेव्हा ते नुसतं बघत असतं. दुसऱ्यांदा हात हलतात, तिसऱ्यांदा तोंड उघडतं. आपण तिसरी वेळ येऊच देत नाही आणि मग म्हणतो, मुलं प्रतिसाद देत नाहीत.

गोष्टीचंही तेच. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांगायची गोष्ट निवडताना मी आधी तिचं पालुपद शोधते. दर थोड्या वेळाने तेच वाक्य, त्याच चालीत, त्याच हातवाऱ्यासकट परत यायला हवं. गोष्टीत तसं नसेल तर मी घालते. तिसऱ्या वेळी वाक्य अर्धं सोडून थांबायचं. मुलं पुरं करतात. हे थांबणं शिकायला मला गाण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण समोर शांतता झाली की आपणच घाबरतो आणि बोलून टाकतो.

आता पट्टीबद्दल, कारण गाणं शिकून आलेले इथेच हमखास चुकतात. मीही चुकले. माझी रियाजाची पट्टी काळी चार, म्हणजे माझा सा पेटीवरच्या खालच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. त्या पट्टीत मी आरामात गायचे आणि मुलं गुरगुरायची. मला वाटायचं, बेसूर आहेत बिचारी. बेसूर नव्हती, सूर त्यांच्या गळ्याच्या खाली जात होता. चार-पाच वर्षांच्या मुलांचा सोयीचा टप्पा मधल्या सप्तकात, साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच असतो. म्हणजे पांढरी दोनचा सा धरला तर पंचमापर्यंत. चाल त्या पाच सुरांत बसवा, खाली मंद्रात नेऊ नका. पुरुष गायकांना तर आणखी एक अडचण. त्यांचा आवाज सप्तकभर खाली असतो, आणि मुलं तोच सूर पकडायच्या नादात आवाज घोगरा करतात. अशा वेळी वाद्यावर मुलांच्या सप्तकातला सूर वाजवून दाखवावा, किंवा नीट गाणाऱ्या एखाद्या मुलालाच पुढे घ्यावं.

चाल बांधताना भूप रागाने मला फार हात दिला आहे. म आणि नी नाहीत, त्यामुळे उरलेल्या पाच सुरांत अर्ध्या स्वराचं अंतरच राहत नाही आणि दोन मुलांनी दोन वेगळे सूर लावले तरी कानाला टोचत नाही. कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमन यांनी जर्मनीत मुलांसाठी जी संगीतपद्धत घडवली, तिच्यात लाकडी पट्ट्यांची वाद्यं असतात आणि त्यांच्या पट्ट्या काढता येतात. सुरुवातीला नेमक्या म आणि नीच्या पट्ट्या काढून ठेवतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलेच. आपण ज्याला भूपाचे सूर म्हणतो, ते तिथे मुलांसमोर मांडून ठेवले होते.

वाद्य कोणतं घ्यावं? जे वाजवताना मुलांकडे बघता येतं ते. पेटी सुंदर आहे, पण ती घेऊन मी बसले की बसलेलीच राहते. मी युकुलेले घेतलं, गिटारसारखं छोटं वाद्य. नायलॉनच्या चार तारा, आवाज मऊ, गळ्यावर कुरघोडी करत नाही आणि पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका बोटाने लागते. पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून १८७९ मध्ये हवाईला गेलेल्या मजुरांबरोबरच्या छोट्या वाद्यातून ते घडलं, म्हणजे मुळातच प्रवासाला सोपं. तरी सांगते, माझ्या सगळ्यात चांगल्या कार्यक्रमांपैकी निम्मे नुसत्या टाळ्या आणि एका डफावर झाले आहेत.

मुलांच्या हातात वाद्यं द्यायची असतील तर शेवटी द्या. एकदा मी चाळीस खुळखुळे पहिल्याच गाण्याला वाटले. त्यानंतर गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, एवढंच लिहिते. आता वाद्यं परत गोळा करायचंही एक गाणं आहे. ते संपेपर्यंत सगळं टोपलीत येतं. तीन वर्षांखालच्या मुलांना सुटे मणी किंवा उघडणारी झाकणं असलेलं काहीही देऊ नये. ते तोंडात जाणारच, असं धरून चाला.

गळा. दिवसाला तीन कार्यक्रम म्हणजे तीच गोष्ट तीनदा, त्याच राक्षसासकट. दुसऱ्या वर्षी राक्षसाचा आवाज गळ्यातून काढून काढून माझा आवाज पंधरा दिवस बसला आणि आठ कार्यक्रम गेले. डॉक्टरांनी माझं बोलणं बंद केलं, मी कुजबुजायला लागले. त्यांनी तेही बंद केलं, कारण जोर लावून कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. आता राक्षस हळू बोलतो. मुलं त्याला जास्त घाबरतात. कार्यक्रमाआधी नळी पाण्यात बुडवून तिच्यातून गुणगुणत हवा सोडायची, दहा मिनिटं. दिसतं हास्यास्पद, पण गळा मोकळा होतो. पाणी कार्यक्रमात पिऊन फारसं साधत नाही, ते स्वरतंतूंना थेट लागतच नाही. दिवसभर पीत राहावं लागतं. तीसपेक्षा जास्त मुलं असतील तर माईक घ्याच, तोही डोक्याला लावायचा, हात मोकळे राहतात. आणि पहिल्या वर्षी सर्दी पाठ सोडणार नाही हे गृहीत धरून तारखा द्या.

मिश्र वयाचा गट आला की नवे लोक गडबडतात. आठ-नऊ वर्षांची मुलं बडबडगीतावर डोळे फिरवतात आणि त्यांचं बघून सहा वर्षांची मुलंही गप्प होतात. मोठ्यांना मी काम देते: ठेका धरा, वाऱ्याचा आवाज काढा, मी चुकले तर सांगा. शेवटचं काम त्यांना फार आवडतं. दोन-तीन वर्षांच्या मुलांचा कार्यक्रम मात्र खरं तर पालकांचा असतो. पालक फोनमध्ये असले तर मूलही गात नाही, हे मी सुरुवातीलाच हसत हसत सांगून टाकते.

पैशाचं बोलायला आपल्या लोकांना जड जातं, म्हणून मीच बोलते. पाऊण तासाच्या कार्यक्रमाला जाणं, येणं, मांडामांड, आवराआवर, आधीचे फोन धरले तर अर्धा दिवस जातो. मानधन अर्ध्या दिवसाचं सांगा. तारीख, मुलांची संख्या, वयोगट, जागा आणि कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे, एवढं लेखी घ्या आणि थोडी रक्कम आधी घ्या. एका आयोजकांनी मला "तुमची ओळख वाढेल" म्हणून फुकट बोलावलं आणि उड्या मारायच्या फुग्याच्या शेजारी उभं केलं. पंपाच्या घरघरीत माझी कोणाशीही ओळख वाढली नाही. फुकट करायचं असेल तर जिथे आपल्याला करावंसं वाटतं तिथे करा, रुग्णालयातल्या मुलांसाठी, ग्रंथालयात. पण तो निर्णय आपला असावा.

नुसत्या कार्यक्रमांवर घर चालणं कठीण. मी आठवड्यातून दोन दिवस शिकवते, शिक्षकांच्या कार्यशाळा घेते, ध्वनिमुद्रणं करते. यात कमीपणा नाही. जपानमध्ये १९३० च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट लावून चित्रांच्या पाट्यांवरून गोष्ट सांगणारे कामिशिबाईवाले गल्लोगल्ली फिरत. लाकडी ठोकळे वाजवून मुलं जमवत, आणि त्यांची कमाई गोष्टीची नव्हे, मुलांना विकलेल्या खाऊची. गोष्ट ऐन रंगात आली की तोडत, उद्या पुढची. म्हणजे तेही "पुन्हा"वरच जगत होते.

हक्कांची एक गोष्ट आधीच समजून घ्या. लोककथा कोणाची नसते, पण एखाद्या लेखकाने ती जशी लिहिली आहे ते शब्द त्याचे असतात. भाषांतरही भाषांतरकाराचं असतं, मूळ कितीही जुनं असो. लेखकाच्या निधनानंतर हा हक्क किती वर्षं टिकतो ते देशागणिक बदलतं, भारतात ६० वर्षं, युरोपातल्या बहुतेक देशांत ७०. गाण्यात तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगवेगळे हक्क. म्हणून मी लोककथा दोन-तीन ठिकाणी वाचते, पुस्तकं मिटते आणि आठवेल तशी माझ्या शब्दांत सांगते.

मुलांशी एकट्याने खोलीत थांबू नये, शाळेचं किंवा घरचं मोठं माणूस सोबत असावंच. फोटोला पालकांची परवानगी हवी, आयोजक "चालतं हो" म्हणाले तरी. मूल घाबरून रडलं तर गोष्ट तिथल्या तिथे वळवा; लांडग्याला सर्दी झाली म्हणून तो घरी गेला, असं मी सांगितलेलं आहे.

आणि एक वही ठेवा. सामान भरण्याआधी तीन ओळी: वयोगट, संख्या, "पुन्हा" कुठे आलं. माझ्या वहीचं कालचं पान: "पाच वर्षं, अठ्ठावीस मुलं. बेडूक तीनदा. तिसऱ्यांदा मी ओळ विसरले, त्यांनी सांगितली."