कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात: घरच्या घरी एमजीबी उभी करताना

जुनी ब्रिटिश गाडी घरी दुरुस्त करण्याची हौस ज्यांना पहिल्यांदाच लागली आहे, त्यांनी एमजीबीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही छोटी स्पोर्ट्स कार पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि १९८८ पासून तर मूळ साच्यांवर काढलेली संपूर्ण नवी बॉडीसुद्धा विकत मिळू लागली. मराठी माणसाला तिचे बॉनेट उघडताच थोडे घरच्यासारखे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीच्या ‘बी-सीरीज’ घराण्यातले आहे आणि आपल्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले होते. ज्यांनी तरुणपणी ॲम्बेसेडरचे टॅपेट लावले आहेत, त्यांचे हात येथे आपोआप चालतात.

या कामात चुका होतात त्या बहुतेक क्रम चुकल्यामुळे होतात. पत्र्याआधी रंग, इग्निशनआधी कार्बोरेटर असा उलटा प्रवास केला, की तेच काम दोनदा करावे लागते. म्हणून पुढील मजकूर मी कामाच्या क्रमानेच लिहिला आहे.

पहिली तपासणी पत्र्याची करावी. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे आणि त्याची बरीचशी ताकद दरवाजांखालून जाणाऱ्या सिलमध्ये आहे. हे सिल म्हणजे पत्र्याचा एकच तुकडा नव्हे. बाहेरून दिसणारा पत्रा, आतला उभा पडदा आणि खालची किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची पट्टी, जिला इंग्लंडमधले कारागीर ‘कॅसल रेल’ म्हणतात, अशा भागांची ती बंद पेटी असते आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरचा नवा पत्रा जुन्या गंजक्या पत्र्यावर वेल्ड करून, वर लांबी (पुट्टी) भरून आणि रंग मारून गाडी विकण्याची पद्धत जुनी आहे. म्हणून विकत घेण्यापूर्वी कापडात गुंडाळलेले लोहचुंबक सिलच्या खालच्या कडेवरून आणि पुढच्या व मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकांवरून फिरवावे. चुंबक जेथे पकड सोडते, तेथे पत्रा नसून लांबी आहे. त्यानंतर दरवाजा उघडून बंद करून पाहावा. दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, किंवा जॅक लावल्यावर ती बदलत असेल, तर गाडी मध्यभागी वाकते आहे असे समजावे.

सिल बदलायचेच असेल, तर विशेषतः उघड्या टपाच्या रोडस्टरमध्ये एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. पत्रा कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी नळीचा आधार ठोकून घ्यावा. गाडी सस्पेन्शनच्या आधारावर समतल उभी करावी आणि एका वेळी एकच बाजू कापावी. नवा पत्रा आधी क्लॅम्पने बसवावा, दरवाजा लावून फट तपासावी आणि मगच थोड्या थोड्या अंतरावर टाके मारत वेल्डिंग पूर्ण करावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी व अल्टरनेटर यांच्या तारा सोडाव्यात आणि डिकीच्या तळाखाली असलेली पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवावी. वेल्डिंगचा हात बसलेला नसेल, तर एवढे एक काम जाणकाराकडून करून घेण्यात काहीही कमीपणा नाही. काम झाल्यावर पेटीच्या आत मेणाचा फवारा न विसरता मारावा.

हत्यारांविषयी थोडक्यात सांगतो. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने जवळ असले, की निम्मे काम होते. मिलिमीटरचा पाना ‘जवळजवळ बसतो’ म्हणून वापरला, तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

विजेच्या कामात प्रथम ध्रुव ओळखावा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. त्यानंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि ऋण टोक बॉडीला जोडले गेले. मधल्या काळात कोणा मालकाने जोडणी बदललेलीही असू शकते, म्हणून केवळ सालावर विसंबू नये, मीटरने तपासावे. उलटी बॅटरी जोडल्यास अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. १९७४ पर्यंत आसनांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि त्यांना जोडणारी तार सहसा गंजलेली सापडते. तारांचे रंग मात्र शिस्तीचे आहेत: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्याच प्रवाहाची पण फ्यूजमधून आलेली, आणि काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. या गाड्यांचे विजेचे सामान लुकास कंपनीचे असे आणि त्याची इंग्लंडमध्ये भरपूर थट्टा होते. माझा अनुभव असा, की दहांपैकी आठ वेळा दोष गंजलेल्या अर्थचा असतो. बॉडीला लागणारे प्रत्येक काळे टोक काढून, सँडपेपरने चकाकेपर्यंत घासून पुन्हा बसवावे.

पेट्रोलच्या वाटेत रबरी नळ्या पहिल्या बदलाव्यात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने मऊ पडून तडकते. भारतात इथेनॉलचे प्रमाण याहूनही जास्त असल्याने तेथे जुनी गाडी बाळगणाऱ्यांनीही हे काम टाळू नये. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्यावी. विजेवर चालणारा पंप चावी फिरवताच टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. तो थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कोठून तरी हवा ओढतो आहे. इंजिन बंद असताना मधूनच एखादा टोला पडत असेल, तर कार्बोरेटरची फ्लोटवरील सुई गळते आहे किंवा पेट्रोल दुसरीकडे कोठे तरी झिरपते आहे.

आता ट्यूनिंग. येथे मी मुद्दाम सावकाश जाणार आहे, कारण गाडी मिसिंग करू लागली, की हात सर्वांत आधी कार्बोरेटरकडे जातो आणि तेथेच फसगत होते. मी स्वतः एक अख्खा शनिवार-रविवार दोन्ही कार्बोरेटर खोलून, धुऊन, पुन्हा जोडण्यात घालवला होता. दोष निघाला महिन्याभरापूर्वीच बसवलेल्या इग्निशनच्या नव्या कंडेन्सरमध्ये, जो गरम झाला की दगा देत होता.

सुरुवात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दाबमापकाने मोजून करावी. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवावा. आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. एखादा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांचा दोष आहे. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील, तर संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर घ्यावा. या परीक्षेत जे इंजिन नापास होते, त्याचे ट्यूनिंग कोणालाही करता येत नाही.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यामधली फट. इंजिन थंड असताना ती ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवावी. गाडी टॉप गिअरमध्ये घालून हळूहळू पुढे ढकलली, की प्लग काढलेले इंजिन सहज फिरते. कोणता व्हॉल्व्ह कधी लावायचा, यासाठी नऊची युक्ती लक्षात ठेवावी: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असता पहिला लावावा, सहावा उघडला असता तिसरा, चौथा उघडला असता पाचवा, दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ येते. फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याची पातळ पट्टी, किंचित ओढ लागून सरकले पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजली पाहिजे, कारण आवळताना ती हटकून बदलते.

मग इग्निशन. पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्क-टोकांची, फट ०.०१४ ते ०.०१६ इंच आणि प्लगची ०.०२५ इंच ठेवावी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. प्लगच्या तारा चुकीच्या लागण्याचे कारण बहुधा ही दिशा विसरणे हेच असते. टायमिंग लावण्यासाठी एक छोटा बल्ब पुरतो. त्याचे एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला आणि दुसरे बॉडीला जोडून चावी सुरू करावी. पॉइंट उघडताच बल्ब पेटतो. जुन्या ‘१८जी’ मालिकेच्या हाय कॉम्प्रेशन इंजिनांत तो टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या, १० अंश आधी पेटला पाहिजे. टायमिंगचा लुकलुकणारा स्ट्रोब दिवा असल्यास डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि ६०० आरपीएमला १४ अंश पाहावेत. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून ब्लॉकवरील इंजिन क्रमांक वाचून त्याचेच मॅन्युअल वापरावे.

एवढे झाल्यावरच जोडीच्या एसयू कार्बोरेटरकडे वळावे. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’; स्किनर हे पादत्राणांच्या व्यवसायातले घराणे, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनऐवजी चक्क चामड्याचा भाता होता. नंतरचा पिस्टनही श्वास घेतल्यासारखाच वर-खाली होतो, त्याला लोंबणारी निमुळती सुई जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या छिद्रात, सरकते आणि हवेच्या मानाने पेट्रोल सुटते. हा पिस्टन आपल्याच घुमटाशी जुळवलेला असतो. दोन कार्बोरेटरांचे पिस्टन एकमेकांत बदलू नयेत. पिस्टन बोटाने उचलून सोडल्यावर ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून खाली बसला पाहिजे. अडकत असेल तर घुमट साफ करावा आणि जेट मध्यभागी आहे का ते पाहावे. घुमटावरील डँपरमध्ये इंजिन ऑइल घालावे. ते कमी असेल, तर ॲक्सिलरेटर झटकन दाबताच गाडी क्षणभर अडखळते.

जुन्या एचएस-४ कार्बोरेटरमध्ये जेट वरच्या पातळीशी समतल आणून त्याखालचा नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा कडा, खाली आणावा आणि तेथून सुरुवात करावी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दोन थ्रॉटलना, म्हणजे कार्बोरेटरांच्या झडपांना, जोडणारे क्लॅम्प सैल करावेत आणि दोन्ही तोंडांशी रबरी नळी धरून कानाने हवेचा फुसकारा ऐकावा. दोन्हीकडे सारखाच आवाज येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. त्यानंतर मिश्रण पाहावे. कार्बोरेटरखालच्या पिनने पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलावा. रेस वाढून तशीच राहिली, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे आणि नट वर घ्यावा. इंजिन लगेच मंदावले, तर कमी आहे आणि नट खाली आणावा. रेस क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली, तर मिश्रण बरोबर आहे. एका वेळी नट एकच कड फिरवावा. हे काम तीन मिनिटांत न संपल्यास अर्धा मिनिट २५०० आरपीएमला इंजिन पळवून मॅनिफोल्डमध्ये साचलेले पेट्रोल जाळून टाकावे, नाहीतर आपण इंजिनाऐवजी त्या साठ्याचेच ट्यूनिंग करत बसतो.

काही केल्या दोन्ही बाजू जुळत नसतील, तर थ्रॉटलच्या दांड्याजवळून हवा शिरते आहे का ते तपासावे. दांडा हाताने हलवून ढिला लागला, तर तो आणि त्याचे बुश बदलल्याशिवाय नट फिरवण्यात अर्थ नाही.

शेवटी दहा-पंधरा मैलांची फेरी मारून प्लग काढून पाहावेत. राखाडी-तपकिरी रंग हवा, काजळी नको आणि पांढुरकेपणाही नको. दोनशे-तीनशे मैलांनंतर पॉइंटची फट पुन्हा मोजावी. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भरभर झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे पडते आणि गाडीचा पिकअप जातो. अशा वेळी फीलर गेज हातात घ्यावे आणि एसयूचे नट जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत.