मशीन हातात घेण्याआधी: कार डिटेलिंगला नव्याने लागणाऱ्यांसाठी

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी बारकाईने स्वच्छ करून रंगाची चकाकी परत आणायच्या कामाला नव्याने लागलेली मुलं सगळ्यात आधी पॉलिशिंग मशीनबद्दल विचारतात. मी त्यांच्या हातात दिवा देतो. बॉनेटवर तिरका प्रकाश टाका, चारही बाजूंनी फिरून बघा आणि काय दिसतं ते सांगा. या कामात हात लवकर बसतो, नजर बसायला वेळ लागतो. आणि रंगाची वाट लागते ती बहुतेक वेळा नीट न बघता सुरुवात केल्यामुळेच.

दिव्याभोवती बारीक गोल रेषांचं जाळं दिसतं, ते स्वर्ल. दिवा जरा सरकवा, जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. म्हणजे रेषा मुळात गोल नाहीतच. धुता-पुसताना पडलेले ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की घाणेरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्याचा हात तुम्ही आपोआप धराल.

आता मुद्द्याचं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. पॉलिश ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा कोट घासून पृष्ठभाग खाली आणतं. गेलेला कोट परत येत नाही, आणि उन्हापासून रंग वाचवायचं कामही तोच करत असतो. म्हणून ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे. त्याच्या कडा थोड्या बोथट करून कमी दिसेल असा करा आणि तिथेच थांबा.

मशीनआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही. गाडी नीट धुवा. आयर्न रिमूव्हर मारा. रंगात रुतलेले लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात. मग भरपूर लुब्रिकंट लावून क्ले (रंगाला चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवा, हात गुळगुळीत सरकेपर्यंत. रबर, काळं प्लास्टिक आणि धारदार कडा मास्किंग टेपने झाका.

मशीन ड्युअल अ‍ॅक्शनच घ्या, म्हणजे ज्यात पॅड (पॉलिश घासणारी गोल गादी) स्वतःभोवती फिरता फिरता डोलतंही. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनची ताकद जास्त, पण पॅड एकाच जागी फिरत राहतं, रंग पटकन तापतो आणि नवख्या हाताने होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणाऱ्या पॅडच्या लहरी खुणा, उमटतात. रोटरी नंतर.

आधी टेस्ट स्पॉट, म्हणजे चाचणीसाठी छोटा भाग. दीड-दोन फुटांचा चौकोन आखा आणि मऊ पॅड, बारीक पॉलिश इथून सुरुवात करा. ओरखडे तसेच राहिले तरच कडक पॅड, आणि त्यानेही भागलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं जाड पॉलिश. उलट क्रमाने जायचा मोह होतो, कारण कंपाउंडने पटकन फरक दिसतो. पण काही गाड्यांचा क्लिअर कोट इतका मऊ असतो की तोच कंपाउंड गडद रंगावर धुरकटपणा सोडतो आणि तो काढायला पुन्हा घासावं लागतं. कोट कडक की मऊ हे गाडीच्या नावावरून ठरवू नका, टेस्ट स्पॉटच सांगेल.

बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर बसतं त्या चकतीच्या) कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. चालत्या मशीनवर ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबली तर पॅड नुसतं थरथरतंय: दाब जास्त झालाय किंवा पॅड वाकडं टेकलंय. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरे. ते आधी कमी वेगात पसरवा, मग वेग वाढवून सेकंदाला साधारण एक इंच सरकत आडवे-उभे फेरे घ्या, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडा. हे सगळेच टाळतात. पण पॅडमध्ये अडकलेला मळ आणि निघालेला कोटच पुढच्या भागावर नवे ओरखडे पाडतो.

पुसल्यावर चकाकी बघून खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल रेषांमध्ये बसून त्या लपवतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा पॅनल वाइपने (तेल काढायच्या तयार द्रावणाने) स्वच्छ पुसा आणि मग पुन्हा दिवा धरा. खरा निकाल तो. त्यानंतर रंग जपणारा थर, म्हणजे वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग, हा वेगळा विषय आहे.

कडांना फार जपा. दरवाजाच्या कडेला, बॉनेटच्या घडीवर कोट सगळ्यात पातळ असतो. थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, घेतलंत तर उत्तम, पण ते प्रायमरपासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतं, क्लिअर कोट वेगळा मोजत नाही. शिवाय पत्र्यासाठीचं साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तोच बंपर मशीनखाली लवकर तापतो, म्हणून अधूनमधून हाताचा पंजा टेकवून बघत राहा.

सरावासाठी भंगारातलं एखादं बॉनेट मिळवा. मधोमध टेप लावा, एकच बाजू पॉलिश करा, टेप काढून दोन्ही बाजू दिव्याखाली ताडून बघा. शेवटी त्याची एक कड मुद्दाम घासत राहा, आतला रंग पॅडवर येईपर्यंत. किती कमी वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आणि मग गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावा.